पडलो म्हणेपर्यंत

धंद्यातला कुठलाही अवघड प्रश्न समोर आला की पैलवान आधी अंगातला सदरा काढायचा. त्याची नीट घडी करून ती वेल्डिंगच्या टेबलावर ठेवायचा, दंडावर थाप मारायचा आणि शेडच्या मागच्या दाराकडे बोट करून म्हणायचा, "चला सर, मीटिंग घेऊ." मागे लाल मातीचा हौद होता. आमच्या काळ्या मातीच्या मुलखात त्याने ती लाल माती ट्रॉलीने आणून टाकली होती आणि तिच्यात तेल, ताक आणि चाचणीत करपलेली आमचीच हळद कालवली होती. आमच्या कंपनीचे बहुतेक मोठे निर्णय त्या मातीत झाले. त्यांतले बरेचसे माझ्या पाठीवर झाले.

हल्ली हिंगोली-वसमतची तरुण मुलं स्वतःचा उद्योग काढायचा म्हणून मला भेटायला येतात. नोकरी केव्हा सोडावी, भागीदार मित्रच असावा का, हिस्सा निम्मा-निम्मा ठेवावा का, बाहेरचा पैसा घ्यावा का, यंत्र पूर्ण तयार होण्याआधी विकायला काढावं का, असे त्यांचे प्रश्न असतात. मी हळू आवाजात, सांभाळून उत्तरं देतो. ती मुलं ती लिहूनही घेतात. खरं सांगायचं तर या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला अंगावर मिळालं आहे. एखादं बरगडीत, एखादं मानेत. ते त्यांना लिहून घेता येण्यासारखं नाही, म्हणून मी ते सांगत नाही.

पैलवानाचं कागदोपत्री नाव मी फक्त बँकेत आणि पुढे पोलीस ठाण्यात ऐकलं. घरची मेंढरं होती. तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या मारून त्याने नाव कमावलं होतं, आणि गुडघा दुखावल्यावर कनेरगाव नाक्याला फाटकं आणि ट्रॉल्या जोडण्याचं दुकान टाकलं होतं. मी हिंगोलीतल्या एका खासगी तंत्रनिकेतनात शिकवत असे. शेतातून काढलेली ओली हळद शिजवावी लागते. त्यासाठी चाकांवरचा वाफेचा कुकर करायची कल्पना आमची दोघांची. मधे पाण्याची टाकी, खाली भट्टी, बाजूला हळदीचे ड्रम, आणि सगळं ट्रॅक्टरला जोडून शेतात न्यायचं. टाकीवर एक झडप असे. वाफ जास्त झाली की ती आपोआप उचलली जाऊन आवाज करी, म्हणून लोक तिला शिट्टी म्हणत. यंत्राचा आणि यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्या शिट्टीत होता.

कंपनीची नोंदणी करताना आमच्या सीएंनी स्पष्ट बजावलं होतं, "निम्मा-निम्मा हिस्सा ठेवू नका. एकाने एक्कावन्न घ्या. नाहीतर मतं फुटली की गाडी जागच्या जागी."

"एका टक्क्यासाठी थोरला-धाकटा काहून करायचा?" पैलवान म्हणाला. "आमचं आमी मिटवू."

"कसं मिटवाल?"

"हातानं."

सीएंनी खुर्ची जरा मागे सरकवली. पण पैलवान हे शब्दशः बोलला होता. दोघांची मतं जुळली नाहीत की मातीत उतरायचं. ज्याची पाठ टेकेल त्याने माघार घ्यायची. पाठ टेकणंही पुरेसं नव्हतं. पडलेल्याने स्वतःच्या तोंडाने 'पडलो' म्हणायचं, आणि तो म्हणेपर्यंत वरच्याने उठायचं नाही. म्हटलं की विषय संपला; मागाहून कुरकुर नाही, टोमणा नाही. "तोंडानं मानलं की पोटात ऱ्हात न्हाई," हे त्याचं कारण. पंच म्हणून सलीमभाई असत. हिंगोलीत त्यांचं पिढीजात लेथचं दुकान आहे. आमच्या शिट्ट्या तेच कातून देत. पहिल्या दिवशी त्यांनी हात वर केले होते. "देखो सर, कंपनी तुमची, माती तुमची, हड्डी बी तुमची. मी फकस्त बघून राहिलो."

पहिली कुस्ती माझ्या नोकरीवरून झाली. माझं म्हणणं होतं, आणखी एखादं वर्ष दोन्ही सांभाळू. त्याचं म्हणणं होतं, एक पाय काठावर ठेवून पोहता येत नाही. माझा चष्मा त्याने आपल्या सदऱ्याच्या घडीत ठेवला, सलामी दिली आणि पुढच्या क्षणी आभाळ आणि शेडचा पत्रा यांनी जागा बदलल्या. मी कोपराने त्याच्या नाकावर मारलं. ते जाणूनबुजून होतं की धडपडीत, हे मला आजही सांगता येणार नाही. रक्त माझ्या तोंडावर ठिबकत होतं आणि तो हसत होता. "सर तापले! सलीमभाई, सर तापले!" दुसऱ्या दिवशी मी राजीनामा घेऊन गेलो तेव्हा प्राचार्यांनी विचारलं, "मान वाकडी का?" मी म्हणालो, "निर्णय घेतला."

त्याच्याजवळ एक घण होता. जोडून झालेल्या प्रत्येक ड्रमवर तो स्वतः घणाचे घाव घालायचा. पहिलं यंत्र तयार झालं तेव्हा ते पाहायला गिऱ्हाईक सकाळी येणार होतं, आणि आदल्या संध्याकाळी त्याच्या घावाने एका ड्रमचा सांधा उकलला. मी म्हणालो, "वेल्डिंगचा डाग देऊन टाकू, कुणाला दिसणार नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग त्या ड्रमचा पार पत्रावळीसारखा चपटा होईपर्यंत घण चालवला. ठिणग्या उडत होत्या, त्याच्या तळहाताची कातडी सोलून दांड्याला चिकटली होती. थांबल्यावर धापा टाकत म्हणाला, "जे फुटायचं ते माझ्या हातानं फुटू द्या, सर. लोकाच्या लेकरापाशी फुटाया नको." आमचा तो हंगाम गेला. यंत्र बाजारात केव्हा आणावं हे मुलं विचारतात, तेव्हा मला तो चपटा ड्रम दिसतो.

माणसांनाही तो तसंच वाजवून पाही. सख्ख्या भाच्याला त्याने कामावर घेतलं, आणि पोकळ वेल्डिंगवर भाच्याने रंग फासलेला दिसताच त्याच रंगाच्या बादलीत त्याचं डोकं बुडवलं. मी आणि सलीमभाईंनी ओढलं नसतं तर काय झालं असतं, सांगवत नाही. त्या भाऊबिजेला बहीण आली नाही. पैलवान दिवसभर दारात बसून राहिला आणि दिवेलागणीला शेडमध्ये येऊन भंगाराचं लोखंड चेपत बसला. त्याचा प्रत्येक घाव दुसऱ्याला लागे तसा त्यालाही लागत असे. फक्त त्याचा आवाज घणात मिसळून जाई.

मी आवाज न चढवणारा माणूस आहे. लोक त्याला सभ्यपणा म्हणतात, आणि पुष्कळ वर्षं मीही तसंच समजत आलो. कुणी पैसे बुडवले, कुणी खराब पत्रा गळ्यात मारला, की मी शांतपणे घरी जायचो. पैलवान त्यांच्या दारी जायचा. पुण्याहून गुंतवणुकीसाठी आलेल्या, पांढरे बूट घातलेल्या तरुणाने विचारलं होतं, "तुम्हा दोघांत शेवटचा शब्द कुणाचा?" पैलवान म्हणाला, "मातीचा," आणि त्याला हौदापाशी नेऊन सदरा काढू लागला. "या, तुमचं मत बी पाहू." त्याचा पुन्हा फोन आला नाही. मी चिडलो होतो, पण आज वाटतं, माझा आवाज चढत नव्हता कारण माझ्या वाटचा तोच चढवत होता.

मी नेहमीच हरलो असं नाही. हळदीच्या ड्रमचा आकार बदलावा की नाही यावर मी जिंकलो. भट्टीला कापसाची पऱ्हाटी जाळावी यावरही जिंकलो. पैलवान आडवा होई, लगेच 'पडलो' म्हणे आणि पाठीवरची माती झाडत कामाला लागे. सलीमभाई गंभीर चेहऱ्याने म्हणत, "क्या बात है सर, पकड बसून राहिली तुमची." आणि चाळिशी ओलांडलेला, दोन जिने चढलो तरी धापा टाकणारा मी, ते खरं मानत होतो. मातीने मला जिंकवलं म्हणजे माझं म्हणणं बरोबर होतं, असंही हळूहळू मानू लागलो होतो. आमची खरी चूक ही. हात कुणाचा वर राहतो आणि बुद्धी कुणाची वर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा दोघांना त्या हौदाने विसरायला लावलं.

मग दुकानदाराचा प्रश्न आला. जवळा बाजारच्या एका व्यापाऱ्याने आमची यंत्रं विकायला मागितली. पैलवान तोवर प्रत्येक यंत्र स्वतः पोचवत असे, शेतात दिवसभर राही आणि घरातल्या बायकांपासून गड्यांपर्यंत प्रत्येकाला भट्टी थंड असताना शिट्टी हाताने उचलून ती मोकळी आहे हे पाहायला लावी. "वाफ धरली की हिच्या अंगाला हात लावायचा न्हाई. ही बोंबलली तर बोंबलू द्यायची." अशाने हंगामात मोजकीच यंत्रं जात. मी म्हणालो, वाढायचं असेल तर विक्री दुसऱ्याच्या हाती द्यावीच लागेल.

"तो यंत्र विकंल सर. शिट्टी शिकवंल का?"

"आपण छापील सूचना देऊ."

"छापील सूचना वाफ वाचती का?"

त्याआधीच्या सगळ्या मोठ्या कुस्त्या मी हरलो होतो. घरी माझं कुणाशी बोलणं उरलं नव्हतं. शेडमध्येही मी मुकाट्याने यायचो आणि जायचो. आम्ही मातीत उतरलो. मी त्याच्या पायात शिरून पट काढला, आणि तो कधी नव्हे असा, मुळापासून उपटलेल्या झाडासारखा, मागे कोसळला. मी त्याच्या छातीवर बसलो. माझ्या कानात रक्त वाजत होतं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "पडलो." त्या दिवशी मी गुडघ्यांची लाल माती न धुता घरी गेलो.

पुढच्या हंगामात कुरुंद्याच्या शिवारात आमचं यंत्र फुटलं. शिट्टीतून वाफ वाया जाते आणि हळद उशिरा शिजते अशी गिऱ्हाइकं तक्रार करत, म्हणून त्या व्यापाऱ्याने तार घेऊन शिट्टी आवळून बांधायची युक्ती स्वतःच्या हाताने करून दाखवली होती. कोंडलेल्या वाफेने ड्रमचं झाकण उडवलं. जवळ हळद भरत असलेल्या सुमनबाईंचा उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत उकडून निघाला. आम्ही पोचलो तेव्हा त्या ओरडतही नव्हत्या. बांगड्या कातडीत रुतल्या होत्या. पैलवानाने त्यांना आपल्या सदऱ्यात उचलून गाडीत ठेवलं, नांदेडच्या दवाखान्यात पोचवलं, रात्रंदिवस तिथेच बसला. त्या वाचतील असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तो उठला, कुरुंद्याला परत गेला आणि शिट्टीवरची तार पक्कडीने सोडवून घेतली.

त्या दिवशी जवळ्याचा आठवडी बाजार होता. सलीमभाईंचा फोन आला, "सर, पैलवान तार घेऊन निघून राहिला. जल्दी जा." मी स्कूटर काढली. पोचलो तेव्हा दुकानापुढे गर्दीचं कडं झालं होतं. पैलवान शांतपणे विचारत होता, "ही कुणी शिकवली?"

व्यापारी सोयाबीनच्या ढिगापाशी बसला होता. हसून म्हणाला, "अरे पैलवान, लोकच बांधतात. वाफ वाया जाऊन राहिली म्हन्ल्यावर माणूस बांधंलच ना? आन् बाई जित्ती हाय ना?"

पैलवानाने त्याला मानेला धरून उचललं. ती तार त्याच्या मनगटाभोवती गुंडाळली, पक्कडीने एक पीळ दिला, दुसरा दिला. "कोंडल्यावर कसं वाटतं?" तार मांसात गेली. व्यापारी किंचाळून त्याच्या हाताला चावला, तेव्हा पैलवानाने त्याला वजनकाट्याच्या लोखंडी खांबावर आपटलं. एकदा, आणि पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज वाळली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा आला. सोयाबीनच्या पिवळ्या ढिगावर रक्त पडलं, त्यात एक दात. कुणाचं तरी शेरडू तेवढं ओरडत होतं.

मी धावत गेलो होतो. मीच त्याच्या कमरेला मिठी घातली, मीच त्याला मागे ओढलं, असं लोक सांगतात आणि ते खरं आहे. पण कडं फोडून आत शिरल्यावर शेवटची काही पावलं मी धावलो नाही, चाललो. आणखी एक घाव बसू दे, असं माझ्या आत कुणीतरी म्हणत होतं. तो आवाज पैलवानाचा नव्हता. तो माझा, आयुष्यात कधी न चढलेला आवाज होता.

पैलवानावर खटला झाला. त्याने वकिलाचं न ऐकता सगळं कबूल केलं आणि शिक्षा भोगून आला. हल्ली तो भावाबरोबर मेंढरं घेऊन हिंडतो. पावसाळा सरला की रानोमाळ, कुठे असेल सांगता येत नाही. सुमनबाईंची मुलगी आमच्याकडे यंत्रं तपासण्याचं काम करते. शिट्टी बांधता येऊ नये म्हणून सलीमभाईंनी तिच्यावर आता लोखंडी जाळी बसवली आहे. एवढी साधी गोष्ट आम्हाला आधी का सुचली नाही, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. आम्ही माणसाच्या शिकवणीवर भांडत राहिलो, झडपेकडे कुणी पाहिलंच नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. जामिनावर सुटला त्या सकाळी तो सरळ शेडमध्ये आला. सगळ्या ड्रमवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सर, मी कंपनी सोडून राहिलो."

मी म्हणालो, "सोडायची नाही. लोक चार दिवस बोलतील. व्यापाऱ्याशी मी बोलतो, मी माफी मागतो..."

"त्याचं काय बी न्हाई. मारलं, त्याची सजा कोर्ट देईल." तो टेबलावर टेकला. "त्या दुकानदाराच्या कुस्तीत मी पडलो न्हवतो, सर. पडून घेतलं. तुमी लई हरले होते. तोंड पार उतरलं होतं तुमचं. मला वाटलं, ह्या बारीला बी हरले तर हा माणूस मोडंल. म्हणून टाकलं अंग." त्याने जवळच्या ड्रमवर बोटं टेकवली. "आजवर एवढ्या लोकायला मारलं, कुणाचं लेकरू भाजलं न्हाई. एका दिवशी दया केली, आन् त्या बाईचा हात गेला. मारायला सजा हाय सर. पडायला कोण सजा देणार?"

ज्या विजयाची माती मी गुडघ्यांवर मिरवली होती, तो मला ताटात वाढलेला होता. पण त्या क्षणी मला लाज वाटली नाही, भीती वाटली. हा माणूस खरंच जाणार होता. मी शर्टाची बटणं काढू लागलो.

"मतं जुळत नाहीत," मी म्हणालो. "चल मागे."

सलीमभाईंनी पंच व्हायला साफ नकार दिला. शेवटी आले, पण हौदाकडे पाठ करून उभे राहिले. "मी बघणार न्हाई. पडंल त्यानं सांगावं."

मी आयुष्यात तसा लढलो नाही. नखं लावली, गुडघा घातला, त्याच्या दुखऱ्या पायावर जाणूनबुजून लाथ मारली. व्यापारी चावला होता त्याच हाताला मी चावलो; तोंडात खारट चव आली. "व्हय," तो माझ्या कानाशी म्हणाला, "असं." आणि मग पहिल्यांदाच, कसलीही कसर न ठेवता, त्याने आपलं सगळं वजन माझ्यावर टाकलं. मी खांद्यावर आदळलो. आत काहीतरी तुटलं. तो हात आजही डोक्याच्या वर जात नाही. पण त्या वेदनेहून मोठं काही माझ्या ध्यानात आलं. याआधीच्या एकाही कुस्तीत त्याने एवढं वजन टाकलं नव्हतं. मी हरलो त्या कुस्त्याही त्याने मला अलगद खाली ठेवून जिंकल्या होत्या.

माझी पाठ मातीला टेकली होती. हळदीचा करपट वास येत होता. त्याचा गुडघा माझ्या छातीवर, घाम आणि रक्त माझ्या मानेवर, आणि डोळे माझ्या तोंडाकडे लागलेले.

"कोण पडलं?" सलीमभाईंनी पाठ न वळवता विचारलं.

आम्ही दोघंही बोललो नाही. नियम त्याचाच होता. मी बोलेपर्यंत त्याला उठता येत नव्हतं, आणि उठेपर्यंत जाता येत नव्हतं.

"बोला सर," तो म्हणाला. "लई जड हाय मी."

"राहू दे," मी म्हणालो.

ऊन शेडच्या पत्र्यावरून खाली आमच्यावर उतरलं. श्वास घेता येईना. माझ्या डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं, तरी मी ओठ दाबून धरले होते. जमेल तितका वेळ, आणि त्यानंतरही थोडा. मग मी म्हणालो.